मोबाईलच्या उजेडाविरुद्ध नेमिनाथ मगदूम

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी आठ.

कालपासून डोकं तापलेलं आहे. सव्वीस वर्षं कसबा बावड्यात 'मगदूम फोटो' चालवतोय. अर्ध्या गावाची लग्नं माझ्या हातून गेलीत. आणि काल साखरपुड्यात सम्राट, ज्याचं बारसं मी कव्हर केलं, ज्यानं तेव्हा माझा फ्लॅश बघून भोकाड पसरलं होतं, तो चारचौघांत म्हणतो, काका, राग मानू नका, पण तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा माझ्या मोबाईलवरचं फोटो क्लिअर आल्यात की.

मानला. राग मानला.

साखरपुडा त्याच्या बहिणीचा, संयोगिताचा. हॉलवाल्यानं पिवळे बल्ब लावलेले, तेही चार. असल्या उजेडात मोबाईल फोटो काढत नाही, बनवतो. दहा फोटो एकावर एक थापतो, काळं असेल ते पांढरं करतो आणि लोक म्हणतात वा! माझा कॅमेरा खरं बोलतो. अंधार होता, अंधार आला. यात माझं काय चुकलं?

बल्बभोवती मोठमोठी वलयं दिसत होती. लेन्सचं कोटिंग गेलेलं असणार. लेन्सवाल्याला झाडतो.

आजपासून दोन गोष्टी. कमी उजेडात मोबाईलची लायकी काय ते अख्ख्या बावड्याला दाखवून द्यायचं. आणि चिडायचं नाही. बीपीची गोळी चालू आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार.

चिडलो. शाहूपुरीतल्या लेन्सवाल्यानं लेन्स दिव्यासमोर धरली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, एकदम क्लीन आहे. मी म्हणालो, वलयं दिसतात. तो म्हणाला, मला नाही दिसत. मी म्हणालो, त्याला नजर लागते. त्यानं लेन्स फुकट पुसून दिली. हा अपमान मी विसरणार नाही.

घरी येऊन पद्माला (बायको, पद्मावती) सेन्सर समजावला. म्हटलं, हा तुझा पोळपाट म्हणजे माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर. मोबाईलचा सेन्सर म्हणजे मोहरीचा दाणा. उजेड कशावर जास्त पडेल? ती म्हणाली, अहो, आधी पोळपाट सोडा. सूर्य मावळायच्या आत जेवायचंय (आम्ही जैन).

जेवणानंतर तिनं मोबाईलवर माझाच एक फोटो दाखवला. दिवेलागणीला दुकानात काढलेला, मी लेन्स पुसतोय. मी म्हणालो, यात नॉइज आहे, फोटो दाणेदार झालाय. ती म्हणाली, कुठं? मी म्हणालो, सगळीकडं. तिनं मोबाईल ठेवून दिला. तिला पटलं असावं.

१ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.

नवीन लेन्स आणली. अपर्चर एक पॉइंट चार. घुबडाला दिसणार नाही ते हिला दिसतं. पद्माला आधी विचारलं नाही, कारण ती नाही म्हणाली असती.

ऑटोफोकस बंद करून टाकला. ऑटोफोकस म्हणजे दुसऱ्यानं घास भरवायचा आणि आपण फक्त गिळायचं. मी डोळ्यानं फोकस करतो. सव्वीस वर्षं केलाय. फक्त व्ह्यूफाइंडर जरा मळकट वाटतोय. डोळ्याचा नंबर जुळवायचं छोटं चाक असतं ते फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेलं. तिथं ते अडतं. कंपनीनं चाक पुरेसं दिलेलं नाही. कंपनीला ईमेल करणार.

३ नोव्हेंबर, सोमवार.

बावड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर आव्हान टाकलं. परवा त्रिपुरारी पौर्णिमा. पंचगंगा घाटावर पहाटेचा दीपोत्सव. नुसत्या पणत्यांचा उजेड. कुणीही मोबाईल घेऊन यावं. नंतर प्रिंट काढू, समोरासमोर ठेवू.

बेचाळीस जणांनी हात जोडलेले पाठवले. आव्हान एकानंही घेतलं नाही. घाबरले.

कृष्णात मात्र दुकानात आला. हा माझा शाळेपासूनचा दोस्त, समोरच त्याचं फ्लेक्सचं आणि प्रिंटिंगचं दुकान. म्हणाला, नेम्या, कशाला नादाला लागतोस मर्दा, मोबाईल लई पुढं गेल्यात आता. मी म्हणालो, तू फ्लेक्स छाप. तो म्हणाला, बरं, मग वैनींचा मोबाईल लाव की माझ्या नावानं, प्रिंट मी काढून देतो.

म्हणजे प्रतिस्पर्धी कोण, तर पद्मा. तिचा मोबाईल, ज्याची काच कोपऱ्यात तडकलेली आहे. मला तिची दया आली.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी साडेनऊ.

घाटावरून आत्ता आलो. अप्रतिम काम झालं. चारशे बारा फोटो.

अडचणी पुष्कळ. पहिली म्हणजे माणसं. घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. मी ओरडलो की हात खाली करा. एक बाई म्हणाली, पावणं, तुम्हीच खाली बसा की. दुसरी अडचण पायऱ्या. कुणी बांधल्यात कोण जाणे, एकीची उंची दुसरीला नाही. दोनदा घसरलो. तिसऱ्यांदा एका रांगोळीत उभा राहिलो. रांगोळी काढणाऱ्या मुली एवढ्या चिडल्या की जणू मी मुद्दाम गेलो. रांगोळी काढायची तर दिसेल अशी काढावी.

पणत्या मात्र काय दिसत होत्या! एकेका पणतीभोवती ताटाएवढं सोनेरी वलय. पद्माला म्हटलं, बघ वलयं. ती म्हणाली, कसली वलयं? सरळ साध्या पणत्या आहेत. बघायला सुद्धा रियाज लागतो.

ती थर्मास धरून मागं उभी होती. मध्येमध्ये मोबाईल काढत होती आणि टिचकी मारून परत पिशवीत टाकत होती. चहा पाजून मला घरी आणलं. तू एकूण किती काढले, मी विचारलं. सोळा म्हणाली.

चारशे बारा विरुद्ध सोळा. निकाल लागल्यातच जमा.

९ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी.

चिडलोय. तरी लिहितो, कारण हे लिहून ठेवलं पाहिजे.

कृष्णातनं दहा प्रिंट काढल्या. पाच माझ्या, पाच पद्माच्या. कुठली कुणाची ते फक्त मागं लिहिलेलं. दुकानात कृष्णात, पद्मा, सम्राट आणि आमची रुचिता. रुचिता पुण्यात नोकरी करते, सुट्टीला आली आहे. मी म्हणालो, मागं बघायची गरज नाही, मी दुरूनसुद्धा सांगतो. मग दुरून नको म्हणून दारात उन्हात घेऊन गेलो, आणि पाच निवडल्या.

त्या पाच हातात धरून मी बोललो. चांगला पाऊण तास. म्हटलं, ही खोली बघा. ही म्हातारी वात पुढं करतेय, तिच्या नखातलं तेल दिसतंय. पाण्यावरचा उजेड बघा, तुटत नाही. हे काचेचं काम आहे, मोहरीच्या दाण्याचं नाही. आणि उरलेल्या पाच, म्हटलं, बघा कशा भाकरी भिजल्यासारख्या दिसतात. हाच तो मोबाईल.

सम्राट खाली बघत होता. मी प्रिंट उलट्या केल्या.

माझ्या हातातल्या पाचही पद्माच्या.

उघड आहे की कृष्णातनं मागची नावं बदलली. मी तसं त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, आईची शपथ. मी म्हणालो, आईला मध्ये आणू नको. तो उठून गेला. पद्मा म्हणाली, अहो, ती म्हातारी तुमच्या उजव्या हाताला बसली होती, तुम्हाला दिसली नाही? मी म्हणालो, मी कंपोझिशन बघत होतो.

कृष्णातशी बोलणं बंद. कायमचं.

१० नोव्हेंबर, सोमवार.

बंद आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

न्याय आहे जगात. सम्राटचे वडील विजयसिंह स्वतः दुकानात आले. संयोगिताचं लग्न तेवीसला, गोरज मुहूर्त, सहा सतरा. म्हणाले, नेमिनाथ, माझ्या लग्नाचं फोटो तुझ्या वडलांनी काढल्यात. पोरीचं तूच काढायचं. पोरगं काय म्हणतंय तिकडं ध्यान देऊ नको.

डोळ्यात पाणी आलं. हल्ली येतंच. धूळ फार झाली आहे.

गोरज मुहूर्त म्हणजे सूर्य गेलेला, हॉलचे दिवे अर्धे, अंतरपाटाच्या वेळी सगळे बंद करून एकच झोत. देवानंच माझ्यासाठी मांडलेली परीक्षा. निकाल संपूर्ण बावडा बघेल.

रुचितानं पुण्याहून फोन केला. म्हणाली, पप्पा, ऑटोफोकस चालू ठेवा ना, एकदाच. मी म्हणालो, तू तुझं कॉम्प्युटर बघ. ती म्हणाली, मी लग्नाला येतेच आहे. ये म्हणालो. शिकायला मिळेल.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी दोन.

बॅटऱ्या चार्ज. कार्ड तीन. लेन्स अकरा वेळा पुसली. रुचिता आली आहे. पद्मा मोबाईल पिशवीत टाकत होती, मी बाहेर काढून कपाटात ठेवला. म्हटलं, आज तू पाहुणी म्हणून चल.

शांत आहे. चिडलेलो नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

कार्यक्रम उत्तम पार पडला. स्टेजची खालची पायरी काळ्या रंगाची केली होती कुणा शहाण्यानं, त्यामुळे मी एकदा नवरदेवाच्या मामांच्या अंगावर बसलो. एवढं सोडलं तर सगळं ठरवल्याप्रमाणे.

अक्षतांचा क्षण तर असा मिळाला की काय सांगू. दिवे गेले, झोत पडला, मंगलाष्टका सुरू. संयोगिताच्या हातात तेवता दिवा, चेहऱ्यावर खालून उजेड, हिरवा शालू. मी तिच्यावरून नजर हलवली नाही. त्रेसष्ट फोटो. हात स्थिर, श्वास बंद.

आता कार्ड कॉम्प्युटरला लावतो.

त्याच दिवशी. अकरा वाजता.

नवरीच्या हातात दिवा नसतो. दिवा करवलीच्या हातात असतो. नवरीच्या मागं उभी असते ती करवली.

हे मला माहीत आहे. सव्वीस वर्षं माहीत आहे.

त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोटो करवलीचे. संयोगिताची चुलत बहीण, वर्षाराणी. त्यातले पन्नासेक हललेले किंवा धूसर. काहींत कोपऱ्यात नवरीचं कोपर आहे.

दोन मुलींना एकसारखा हिरवा शालू कुणी नेसवला? याला काही नियोजन म्हणतात? मी आत्ताच्या आत्ता विजयसिंहांना फोन करून जाब विचारणार आहे.

त्याच दिवशी. पाच वाजता.

फोन केला नाही. तेच आले. सम्राट बरोबर.

सम्राट ओरडेल म्हणून मी तयार होतो, माझी उत्तरं तयार होती. तो ओरडला नाही. सगळे फोटो एकेक करून बघितले. मग माऊस ठेवून म्हणाला, काका, माझ्या बहिणीचा अक्षतेचा एकबी फोटो न्हाय. एवढंच. विजयसिंह बाकावर बसले ते बसलेच. म्हणाले, नेमिनाथ, परत उभी करायची व्हय तिला आता अंतरपाटामागं?

मी शालूचं काढलं. हॉलच्या झोताचं काढलं. बोलता बोलता माझंच मला ऐकू येत होतं.

तेवढ्यात पद्मा आतून आली, हातात मोबाईल. काल मी कपाटात ठेवलेला तिनं निघताना पुन्हा घेतला होता. हॉलमध्ये मागच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभी राहून तिनं अकरा फोटो काढले होते. अंतरपाट खाली जातोय आणि संयोगिता मान वर करून बघतेय. हसावं की रडावं ते तिचं ठरलेलं नाही. पापणीवर अक्षतेचा एक दाणा. त्या अंधारात तो दाणासुद्धा दिसतोय.

विजयसिंहांनी मोबाईल हातात घेतला आणि खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले. सम्राट म्हणाला, काकी, वाचवलंसा.

ते गेल्यावर मी पद्माला फाडून खाल्लं. म्हटलं, माझ्या कामात, माझ्या परवानगीशिवाय. ती म्हणाली, तुम्ही त्या करवलीचे फोटो काढताय ते मला मागून दिसत होतं. हाका मारल्या, बँडमुळे तुम्हाला ऐकू गेल्या नाहीत. मग मी काय करायचं होतं, नुसतं बघत बसायचं?

यावर मी जे बोललो ते लिहीत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

पद्मा बोलत नाही. जेवण वाढते, ताट जरा जोरात ठेवते.

सकाळी रुचिता दुकानात आली. दारात उभं करून म्हणाली, पप्पा, समोरच्या दुकानाचा बोर्ड वाचा. मी म्हणालो, हा काय पोरखेळ. ती म्हणाली, वाचा. मी एका दमात वाचला. कृष्णात फ्लेक्स अँड डिजिटल प्रिंटिंग, प्रोप्रायटर कृष्णात पाटील, खाली फोन नंबर. नंबरसुद्धा बरोबर सांगितला.

ती म्हणाली, कृष्णातकाकांनी दसऱ्याला बोर्ड बदललाय.

मी रस्ता ओलांडून बोर्डाच्या खाली जाऊन उभा राहिलो. मान वर करून वाचला. 'मोबाईलवरील फोटो त्वरित प्रिंट करून मिळतील.' हातभर लाल अक्षरांत. माझ्या दारासमोर. दोन महिने.

गद्दार. मी आत जाऊन त्याला तसं म्हणणार होतो. तो काउंटरच्या मागून बाहेर आला आणि म्हणाला, मर्दा, दोन म्हयनं झालं वाट बघतोय तू कवा भांडायला येतोस. आलाच न्हाईस. मला वाटलं मोठं मन केलंस.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

डोळ्यांच्या दवाखान्यात. रुचितानं नेलं, मी निव्वळ तिच्या समाधानासाठी गेलो. डॉक्टर एक तरुण मुलगी, ऐश्वर्या नाव. तिनं अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. मी भराभर वाचला. ती म्हणाली, काका, अजून दिवा लावला नाहीये, तुम्ही कुठला तक्ता वाचताय?

मग दिवा लावून वाचला. तीन ओळी. तिसरी ओळ चुकीची छापलेली असावी असं मी म्हणालो. ती हसली नाही, याबद्दल तिचे आभार.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. ज्या डोळ्यानं फोकस करतो तो. तीनेक वर्षं वाढत आला असणार म्हणे. कमी उजेडात जास्त त्रास होतो, दिव्यांभोवती वलयं दिसतात. मी विचारलं, नक्की लेन्सचं कोटिंग नाही ना? ती म्हणाली, लेन्सचंच आहे काका. पण तुमच्या आतल्या.

जुनी काढून नवी बसवणार. मी विचारलं, झूम की फिक्स? फिक्स म्हणाली. जरा बरं वाटलं. फिक्स लेन्स केव्हाही शार्प.

३ डिसेंबर, बुधवार. (रुचिता लिहितेय, पप्पा सांगतायत.)

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. टेबलावरचा दिवा फार झगझगीत होता, डॉक्टरांना उजेड मऊ करायला डिफ्यूजर लावा म्हणून सांगितलं, त्यांनी लावला नाही. पद्मा बाहेर बाकावर बसून होती. अजून पूर्ण बोलत नाही, पण ड्रॉपच्या वेळा तिनं पाठ केल्यात.

४ डिसेंबर, गुरुवार.

पट्टी काढली. पांढरा रंग पांढरा आहे. मला वाटत होतं सगळीकडं रंग पिवळट मारायची फॅशन आली आहे.

पद्माच्या उजव्या भुवईच्या वर एक बारीक पांढरा केस आहे. कधी आला विचारलं. ती म्हणाली, झाली की दोन वर्षं.

७ डिसेंबर, रविवार.

दुकानात जायला परवानगी मिळाली. काळा चष्मा लावून, तासभर, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. पद्मानं शटर वर केलं आणि ती दूध आणायला गेली.

आतली ट्यूब लावली. खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर माझी निवडक कामं, बावीस फ्रेमा. डावीकडून बघत गेलो. सुरुवातीची चांगली आहेत. खरंच चांगली आहेत. तेराव्या फ्रेमपर्यंत ठीक.

तिथून पुढं नऊ. नऊच्या नऊ आउट. नथीवर पाहिजे तो फोकस मागच्या पडद्याच्या झालरीवर. एकीत नवरा, नवरी, दोन्हीकडचे आईबाप, सगळे धुक्यात, आणि शार्प काय, तर भिंतीवरचं आग विझवायचं लाल नळकांडं. काचा पुसल्या. काळा चष्मा काढला, परत घातला. तेच.

नेसरीच्या केतनला फोन लावला. सतरावी फ्रेम त्याची, गेल्या वर्षीचं लग्न. विचारलं, अल्बम कसा झाला होता? म्हणाला, भारी काका. मी म्हणालो, खरं सांग. मग म्हणाला, काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका, आम्ही तवाच सगळं मोबाईलवर काढून घेतलतं. सगळीच घेत्यात. तुमाला म्हाईत न्हवतं व्हय?

कृष्णातला हाक मारली. आला. विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस? म्हणाला, तीनदा सांगितलं की. पहिल्यांदा तू माझ्या प्रिंटरला शिव्या घातल्यास. दुसऱ्यांदा व्होल्टेज कमी म्हणून लाईटवाल्यांना. तिसऱ्यांदा मलाच.

पद्माला विचारायचं कारण नाही. तिनं काय सांगितलं असेल ते आठवतंय. मी काय बोललो असेन तेही.

मला वजन उचलायला बंदी म्हणून त्या नऊ फ्रेमा कृष्णातनं उतरवल्या. एकेक पुसून, भिंतीला टेकवून ठेवली. मग त्याचं गिऱ्हाईक आलं आणि तो गेला.

मी खुर्चीत बसून विचार केला, आता कुणाला झाडायचं? बराच वेळ केला. कुणी राहिलेलं नाही.

समोर नऊ खिळे. इथून एकेक लख्ख दिसतोय.